चिमणीतला गंधक पकडायच्या सिस्टीम: तीन साइटवर हात काळे करून लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या चंद्रपूरकडच्या शिवारातून वीज प्लांटच्या चिमण्या दिसतात, सकाळी वावरात निघालं की पहिली नजर तिकडेच जाते. मी बारा-तेरा वर्षांपासून ठेकेदाराकडे मेकॅनिकल मेंटेनन्समध्ये काम करून राहिलो, त्यातली मागची काही वर्षं एफजीडीवरच गेली, म्हणजे कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काढायची जी सिस्टीम असते तिच्यावर. एका साइटवर चुनखडीची ओली सिस्टीम होती, एका ठिकाणी कोरड्या पावडरची आणि एकदा कोकणाकडे शटडाऊनला गेलो तिथं समुद्राच्या पाण्याची. गावात कोणी ना कोणी विचारतंच, "का भाऊ, ह्यातली चांगली कोणती, अन् आपल्या इकडे काऊन नाही लावत?" म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

पहिले एक गोष्ट सांगतो, कारण इथं सगळ्यांचा घोळ होतो. राख वेगळी आणि गंधक वेगळा. कपाशीच्या पानावर, वाळत घातलेल्या कपड्यावर, पाण्याच्या टाकीत जी बसते ती राख, तिला पकडायचं काम ईएसपीचं, म्हणजे विजेच्या भारानं धुरातली राख ओढून घेणाऱ्या यंत्राचं. ईएसपी खराब असेल तर कितीही भारी एफजीडी लावा, घरावर राख पडणारच. सल्फर डायऑक्साइड डोळ्याला दिसत नाही, तो घशाला आणि छातीला लागतो, आणि हवेत वर गेला की अमोनियाशी मिळून सल्फेटचे एकदम बारीक कण बनतात, पीएम २.५ म्हणतात ते, आणि हे कण शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे मोठ्या युनिटला (युनिट म्हणजे प्लांटमधला वीज बनवायचा एकेक संच) २७५ मीटरची उंच चिमणी आहे ना, मग काय चिंता, असं जे म्हणतात ते मला पटत नाही. उंच चिमणीनं खालच्या गावाला थोडं कमी लागतं हे खरं, पण माल तर पुढच्या जिल्ह्यात जाऊन पडतोच ना.

आता चुनखडीची ओली सिस्टीम. जगात सगळ्यात जास्त हीच चालते आणि मी सगळ्यात जास्त दिवस हिच्यावरच काढले. चुनखडी बॉल मिलमध्ये पाण्यासोबत दळायची, दुधासारखी स्लरी करायची, आणि ॲब्सॉर्बर म्हणजे जो भला मोठा टॉवर असतो त्यात वरून नोझलमधून फवारायची, खालून १३०-१४० डिग्रीचा धूर येतो, तो थंड होत होत वर जातो आणि गंधक स्लरीत उतरतो. खाली टाकीत ब्लोअरनं हवा मारतात म्हणजे त्याचं जिप्सम बनतं, मग ते बेल्ट फिल्टरवर पाणी ओढून कोरडं करतात. रिझल्ट एक नंबर, नव्वद-पंच्याण्णव टक्के सल्फर डायऑक्साइड आरामात जातो, त्याच्याही वर नेता येतो.

पण मेंटेनन्सवाल्याला विचाराल तर ही सिस्टीम लाड मागते. स्लरी म्हणजे पातळ सँडपेपर समजा, पंपाचे इम्पेलर आणि पाइपाचे बेंड खाऊन टाकते. पीएच साडेपाचच्या आसपास ठेवावा लागतो, खाली गेला की गंधक नीट पकडत नाही आणि जास्त वर गेला की चुनखडी वाया जाते आणि पापुद्रे चढतात. क्लोराइड वाढला की स्टीलला भोकं, म्हणून आतून रबर लायनिंग नाही तर महागडा अलॉय. एका शटडाऊनला मी मिस्ट एलिमिनेटरमध्ये, म्हणजे धुरातले थेंब अडवायच्या जाळीत, उतरलो होतो, जिप्सम असं जमून बसलं होतं की छिन्नी-हातोडीनं काढावं लागलं, चार दिवस तेच केलं, कारण धुवायचं पाणी कोणीतरी वाचवायला म्हणून बंद ठेवलं होतं. सिस्टीमचा दोष नव्हता तो, चालवणाऱ्याचा होता. आणि हो, ही सिस्टीम चालू झाली की चिमणीतून पांढरा शुभ्र धूर दिसायला लागतो, तेव्हा त्या साइटच्या शेजारच्या गावचे लोक गेटवर आले होते की धूर वाढला म्हणून. ती वाफ असते, धूर थंड आणि ओला होऊन निघतो म्हणून दिसते. हे कोणी आधी जाऊन सांगायला पाहिजे होतं त्यांना, नाही सांगितलं.

खर्चाचा हिशोब मी कागदावर मांडून पाहिला. ५०० मेगावॅटचं युनिट फुल लोडवर दिवसाला साडेसात-आठ हजार टन कोळसा खातं. आपल्या कोळशात गंधक कमी असतो, अर्धा टक्का धरला तरी दिवसाला ७५-८० टन सल्फर डायऑक्साइड झाला बाप्पा, एका युनिटचा, एका दिवसाचा! तो पकडायला सव्वाशे टनाच्या आसपास चुनखडी लागते आणि दोनशे टनाच्या वर जिप्सम निघतं. आता आपला चंद्रपूर जिल्हा बघा, राजुरा-कोरपन्याकडे चुनखडीच्या खाणी आहेत, गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस ह्या पट्ट्यात सिमेंट कारखाने आहेत, आणि सिमेंटमध्ये तीन ते पाच टक्के जिप्सम टाकावंच लागतं. म्हणजे कच्चा माल इथंच आणि गिऱ्हाईकही इथंच. देशात किती ठिकाणी असा जोग आहे सांगा? म्हणून इकडे एफजीडी परवडत नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो, निदान वाहतुकीचा हिशोब तरी करून बोला.

अजून एक मुद्दा ऐकायला येतो की चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, मग फायदा काय. निघतो, खोटं नाही. वरच्याच हिशोबात दिवसाला पन्नास-पंचावन्न टन, आणि सिस्टीम चालवायला युनिटच्या विजेतली एक टक्क्याच्या आसपास वीज जाते ती वेगळी. पण तोच कोळसा जळून दहा हजार टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड रोज निघून राहिला, त्याच्यापुढे हे पन्नास टन धरून बसायचं आणि गंधक सोडून द्यायचा, हे मला मान्य नाही.

खरा अडचणीचा मुद्दा पाण्याचा आहे, आणि तो मी लपवणार नाही. मीटरवरच्या एका युनिट विजेमागे पाव लिटरच्या आसपास जास्तीचं पाणी धरा, म्हणजे ५०० मेगावॅटला दिवसाला तीस लाख लिटर. प्लांटला कूलिंग टॉवरसाठी जे लागतं त्याच्यापुढे दहा टक्क्याच्या आतच आहे, पण मे महिन्यात इरई धरण खाली गेलेलं ज्यानं पाहिलं त्याला हे तीस लाखही जड वाटतात. ह्याला उपाय आहे, कोराडीला नागपूरच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी वापरतात, तसं शहराजवळच्या प्रत्येक प्लांटनं करावं, प्यायच्या आणि ओलिताच्या पाण्याला हात लावू नये. ह्या एका कारणामुळे ओल्या सिस्टीमला दहापैकी आठ, नाहीतर नऊ दिले असते.

कोरड्या पावडरची सिस्टीम मला सुरुवातीला खेळण्यासारखी वाटली होती, दोन सायलो म्हणजे पावडरच्या टाक्या, ब्लोअर आणि डक्टमध्ये, म्हणजे धुराच्या मार्गात, पावडर मारायची नळी, संपलं. सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडाच, नाहीतर विझवलेला चुना. पाणी जवळपास नाहीच, जागा कमी, थोड्या महिन्यात उभी होते. दिल्लीजवळच्या दादरीच्या जुन्या २१० मेगावॅटच्या युनिटला एनटीपीसी ह्या सरकारी वीज कंपनीनं हीच लावली. चुन्यानं अर्धा-अधिक गंधक जातो, सोड्यानं बराच जास्त, पण सोडा चुनखडीपेक्षा कितीतरी महाग आणि एक टन सल्फर डायऑक्साइडमागे अडीच टनाच्या वर लागतो, म्हणजे उभारायला स्वस्त आणि रोज चालवायला महाग. दुसरं म्हणजे सोड्याचे क्षार राखेत मिसळतात आणि अशी राख सिमेंटवाले घ्यायला कुरकुर करतात, मग ती राखेच्या तळ्यात जाते आणि पावसाळ्यात झिरपते. तरी जुन्या छोट्या युनिटला हीच योग्य, कारण नियम पहा, ५०० मेगावॅटच्या खालच्या जुन्या युनिटला मर्यादा एका घनमीटर धुरात ६०० मिलिग्रॅमची आहे आणि ५०० व त्याच्या वरच्या जुन्यांना २००. बाराशेच्या आसपास येणारा आकडा निम्मा केला की छोटं युनिट सुटतं, पण मोठं ह्या चुन्यानं २०० पर्यंत कधीच येणार नाही. ज्याची पाच-सात वर्षंच राहिली त्या युनिटला शेकडो कोटींचा टॉवर कशाला?

मधली एक अर्धकोरडी पण असते, चुन्याचं पाणी गरम धुरात फवारायचं, ते तिथंच वाळतं आणि मागच्या बॅगफिल्टरमध्ये अडकतं. नव्वदच्या घरात रिझल्ट, पाणी कमी, पण भाजलेला चुना लागतो आणि जो माल निघतो तो कोणी विकत घेत नाही. समुद्राच्या पाण्याची सिस्टीम फार सुरेख, पाण्यातला नैसर्गिक अल्कली गुण गंधक ओढतो, ना चुनखडी ना जिप्सम, ट्रॉम्बेला ऐंशीच्या दशकापासून आहे, डहाणूलाही आहे. आपल्याला काय उपयोग, समुद्र आहे कुठं. अमोनियाच्या सिस्टीममध्ये अमोनियम सल्फेट खत निघतं, ऐकून शेतकऱ्याचे कान टवकारतात, माझेही टवकारले होते, पण अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो, महाग आहे, आणि गळती झाली तर पहिला त्रास गेटवरच्या वस्तीला. मी ती हाताळलेली नाही, म्हणून मार्क देत नाही.

नियमाचं म्हणाल तर २०१५ च्या डिसेंबरमध्ये आला, दोन वर्षांत लावा म्हणाले, मग मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रानं बहुतेक प्लांटना सूटच दिली. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर डिसेंबर २०२७ पर्यंत लावायचं, जास्त प्रदूषित भागाजवळ किंवा हवा खराब असलेल्या शहरांजवळ असाल तर समिती एकेक प्लांट बघून ठरवणार, बाकी चिमणीच्या उंचीची अट पाळली की मोकळे. चंद्रपूर त्या खराब हवेच्या शहरांच्या यादीत आहे, म्हणजे आपल्या इकडचं समितीवर आहे. माझं म्हणणं सरळ आहे, ५०० च्या वरच्या युनिटला चुनखडीची ओली सिस्टीम सांडपाण्यावर चालवा आणि जुन्या २१० वाल्यांना पावडर मारा. खेड्यातली छाती शहरातल्यापेक्षा मजबूत नसते, माझ्या आईचा श्वासाचा पंप दर हिवाळ्यात बाहेर निघतो.

जिप्समचं एक राहिलं. माझी सासुरवाडी दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली, तिकडच्या चोपण जमिनीला जिप्सम टाकायला कृषी विद्यापीठवाले कधीपासून सांगतात, आणि सासरे ते विकत आणतात, हेक्टरी दोन-अडीच टन. एफजीडीचं जिप्सम तपासणी करून, त्यात पारा वगैरे किती आहे ते पाहून, तिकडे स्वस्तात गेलं तर सोयाबीनलाही गंधक मिळेल. त्या ओल्या साइटवर जिप्समचा ढीग उघड्यावर भिजत पडला होता, मी सुपरवायझर साहेबांना दोनदा विचारलं, शेतकऱ्यांना द्यायची सोय नाही का. टेंडर निघालं नाही म्हणाले. आपल्याकडे प्लांट लागलाच तर गावानं पहिल्या दिवसापासून ह्या जिप्समबद्दल लेखी विचारावं, आणि गेटवरच्या डिजिटल बोर्डावर एसओटू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, समोरचा आकडा वाचायची सवय लावावी, तो मिलिग्रॅममध्ये असतो, ५०० किंवा त्याच्या वरचं जुनं युनिट असेल तर २०० शी ताडून पाहायचा, छोटं जुनं असेल तर ६०० शी.