बंदूक की मागचं दार? कोल्हापूरच्या कडेला घर असणाऱ्यांनी ठरवण्याआधी

माझ्या मामेभावाचं घर कळंब्याच्या पुढे, गारगोटी रस्त्यावरून आत वळलं की मळ्यात. तिन्ही बाजूंनी ऊस. ऊस उंच झाला की तोड होईपर्यंत परड्यात माणूस उभा असला तरी दिसत नाही. तो गोकुळ शिरगावला फौंड्रीत, एक आठवडा सोडून रात्रपाळी. घरात मामी, भावजय आणि नऊ नि चौदा वर्षांची दोन पोरं. दिवाळीनंतर शेजारच्या वस्तीवर घर फोडलं आणि चार दिवसांत त्याचा फोन आला, "दादा, आबांच्या बंदुकीचं लायसन कसं काढलेलं? मला पण काढायचंय."

रविवारी गेलो आणि दिवसभर त्याच्या घरात बसून दोन्ही बाजू मांडल्या. शहराच्या कडेला, मळ्यात, नव्या कॉलनीत घर बांधलेले पुष्कळजण सध्या याच विचारात आहेत, म्हणून ते सगळं इथे लिहितोय. मी वकील नाही. पण बंदूक असलेल्या घरात वाढलोय.

आबांकडे बारा बोअरची दुनळी होती, पीक संरक्षणासाठी परवाना काढलेली. माळ्यावरच्या पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. काडतुसं वेगळी, दुधाच्या पावडरीच्या डब्यात तांदळात पुरलेली, कारण आपल्याकडचा पावसाळा पुठ्ठ्याच्या काडतुसाला फुगवून टाकतो. फुगलेलं काडतूस नळीत जात नाही आणि गेलं तर निघत नाही. एका रात्री विहिरीवरची मोटर चोरायला माणसं आली. कुत्रं भुंकलं म्हणून आबा उठले. कंदील, शिडी, पेटीची किल्ली, मग तांदळात हात. बंदूक भरून ते अंगणात आले तेव्हा चोर ओढ्याच्या पलीकडे गेले होते, आणि त्यांना पळवलं होतं कुत्र्यानं आणि शेजारच्या तात्यांच्या आरोळीनं. मोटर जागेवर राहिली. पुढे कित्येक वर्षं गावात "आबांच्या बंदुकीला चोर भ्याले" असंच सांगितलं जायचं.

ते डोक्यात होतं म्हणून भावाला म्हणालो, आपण वेळ लावून बघू. बंदुकीच्या जागी लाटणं. ते त्यानं बेडरूमच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, काडतुसं म्हणून चार बॅटरी सेल देवघराच्या खणात ठेवले आणि किल्ली पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. मग दिवे घालवून तो पलंगावर आडवा झाला. मी मोबाईलवर वेळ लावून हाक मारली. लाटणं नि सेल दोन्ही हातात येईपर्यंत एक मिनिट दहा सेकंद गेले, तेही तो टक्क जागा असताना, आपल्याच घरात, हाक कधी येणार हे ठाऊक असताना.

त्यानंतर मागच्या दाराकडे गेलो आणि आतली कडी धरून नुसती हलवली. कोयंड्याचे दोन स्क्रू बाहेर आले. चौकट लाकडाची, पावसानं खालून कुजलेली, आणि स्क्रू अर्ध्या इंचाचे. हे दार फोडायला एक मिनिट दहा सेकंद लागत नाहीत.

या सगळ्या प्रश्नाची मेख इथेच आहे. पोरांच्या घरात बंदूक जशी ठेवायला हवी, म्हणजे रिकामी, कुलपात, काडतुसं दुसरीकडे, तशी ठेवली तर रात्री ती वेळेवर हाताला येत नाही. वेळेवर यावी म्हणून भरून उशाशी ठेवली तर दिवसाचे उरलेले सगळे तास ती घरातल्यांच्याच जिवावर टांगलेली असते. चौदा वर्षांच्या पोराला घरातली कुठली किल्ली सापडत नाही? माझ्या आबांना वाटायचं मला पेटीची किल्ली माहीत नाही. मला ती आठव्या वर्षापासून माहीत होती.

अमेरिकेत घरोघरी बंदुका, त्यामुळे तिथे याचा पद्धतशीर अभ्यास झालाय. कॅलिफोर्नियातल्या लक्षावधी लोकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचा बंदुकीनं आत्महत्या करून मरण्याचा धोका न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट निघाला, बायकांचा पस्तीसपट. त्याच राज्यातल्या २०२२ च्या अभ्यासात, स्वतःकडे बंदूक नाही पण बंदूकवाल्यासोबत राहतात, अशांचा खून होण्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. आपलं आणि त्यांचं सगळंच वेगळं, आकडे जसेच्या तसे इकडे लावू नयेत. पण माणसाचा राग, दारू, कर्ज, परीक्षेचा निकाल, यात आपण वेगळे नाही. वाईट घटका टळून जाते. तेवढ्यात हाताशी काय होतं यावर माणूस वाचतो की जातो. बंदुकीचा प्रयत्न बहुतेक वेळा परत फिरवता येत नाही.

पुढचा मुद्दा भावानं धरलाच नव्हता. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. तो रात्रपाळीला गेला की घरात उरतात दोन बायका आणि दोन पोरं, आणि त्यांच्यापैकी कुणालाही ती बंदूक वापरायचा परवाना नाही. भीती नेमकी त्याच रात्रींची होती! भावजय तोवर चहा ठेवत सगळं ऐकत होती. तिला विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "मला मागं लाईट पाहिजे. रात्री पोराला बाथरूमला न्यायचं तर परड्यात अंधारात जावं लागतंय. आणि हे नसताना फोन केला तर उचलणारं कुणीतरी पाहिजे." एवढ्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि वस्तीवर जी चोरी झाली ती बंद घरात. माणसं लग्नाला इचलकरंजीला गेली होती. पेपरात 'बंद घराचा कडीकोयंडा तोडून' हे शब्द आपण इतके वाचतो की डोळा थांबत नाही. बंद घरातली बंदूक कुणाचं रक्षण करत नाही. सोन्याबरोबर तीही जाते. मग लगोलग पोलिसांत कळवा, जबाब द्या, आणि ती पुढे कुणावर चालेल याचा घोर घेऊन झोपा. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतं, बंदूक नाही. तीच गोष्ट पुराची. २०१९ आणि २०२१ ला ज्यांनी नेसत्या कपड्यांनिशी घर सोडलं त्यांना विचारा, तसल्या धांदलीत आणखी एक जोखमीची वस्तू कुठे सांभाळणार.

आता परवान्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि नियम २०१६ चे. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, जिल्हादंडाधिकारी म्हणून. वय किमान २१. अर्ज, ओळख आणि पत्त्याचे कागद, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण. मग पोलिसांचा अहवाल. ठाण्यातून माणूस येतो, शेजारीपाजारी विचारतो, गुन्हे दाखल आहेत का बघतो आणि मुख्य म्हणजे धोका काय ते विचारतो. 'भीती वाटते' एवढ्यानं भागत नाही. धमकी आली असेल, हल्ला झाला असेल, रोकड किंवा सोन्याची ने-आण असेल तर त्याचा कागद लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. मिळेल ते सामान्य माणसाला मुभा असलेल्या बोअरचं, म्हणजे नळीच्या मापाचं: बारा बोअर, .३२ चं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल वगैरे. पोलीस-लष्कराची ९ एमएम नाही. काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं.

मिळाल्यावरही ते शस्त्र कायम घरात राहील असं नाही. लोकसभा, विधानसभा, झेडपी, महापालिका, आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवते आणि ज्यांना नोटीस येते त्यांनी ठाण्यात जमा करायचं. आबा गेल्यावर तर आम्हाला तेराव्याच्या आधी बंदूक जमा करावी लागली, कारण परवानाधारक गेला की घरात ती ठेवणं बेकायदा. आई दारात उभी राहून बघत होती. वारसाच्या नावावर करता येते, अर्ज करावा लागतो. आम्ही केला नाही.

गोळी चालवायची वेळ आलीच तर कायदा काय म्हणतो, यावर भावाच्या डोक्यात फार गैरसमज होते. 'घरात शिरला की उडवला तरी चालतंय' असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खाजगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये. जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरफोडी करणाऱ्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो. साध्या चोरीत मात्र मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते. आणि दोन्हीकडे अट एकच: बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. विहिरीवरची केबल घेऊन पळत सुटलेल्याच्या पाठीत छर्रे गेले तर बचाव सिद्ध करणं फार अवघड. आणि अंधारात उभा असलेला माणूस चोरच आहे, पाळी लवकर सुटून मागच्या दारानं येणारा नवरा नाही, हे झोपेतून उठलेल्या माणसानं दोन सेकंदांत ठरवायचं असतं.

"पण दादा, आपल्या कोल्हापूरच्या पोरांनी तर जगात नाव काढलंय," तो म्हणाला. खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य. पण त्या एकेका नेमामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव असतो, लख्ख उजेड असतो, लक्ष्य जागचं हलत नाही आणि ते उलट चालून येत नाही. वर्षाकाठी चार काडतुसं उडवणाऱ्याचा हात अंधारात थरथरतो. नेमबाजीची आवड असेल तर रेंजवर नाव घाला, पोरांनाही न्या. ती वेगळी वाट आहे.

गव्यासाठी बंदूक हवी असं आजरा, चंदगड, राधानगरीकडची मंडळी म्हणतात. गवा आणि बिबट्या दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रत्यक्ष जिवावर बेतलं तर कायदा सूट देतो. ऊस तुडवला म्हणून गोळी घातली तर तुरुंग. तिथे वन विभागाला फोन हाच मार्ग.

बिनपरवान्याचा विचारही नको. 'गावठी मिळतंय स्वस्तात' म्हणणारा प्रत्येक गावात एक असतो. ते सापडलं तर किमान दोन आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ते तुमच्याच हातात फुटणार नाही याची हमी कुणी देत नाही. .१७७ बोअरची, २० जूलपर्यंतच्या ताकदीची एअरगन बिनपरवाना मिळते, पण चोराला ती खरी बंदूक वाटली तर तोही खऱ्यासारखाच वागेल. मिरचीचा स्प्रे मात्र भावजयीच्या उशाशी असायला माझी हरकत नाही.

दुसऱ्या बाजूला काय काय येतं ते आम्ही वहीत लिहिलं. नवं रिव्हॉल्वर लाखाच्या पुढेमागे जातं. त्याहून पुष्कळ कमी पैशात मागच्या दाराला लोखंडी चौकट, आतून आडवी पट्टी, भिंतीत तीन इंच जाणारे बोल्ट, पुढे जाळीचं सेफ्टी डोअर. परड्यात हालचालीनं लागणारे दोन दिवे, इन्व्हर्टरवर घेतलेले, कारण मळ्यात वीज नेमकी रात्री जाते. भोंगा, बटण मामींच्या खोलीत. सीसीटीव्ही घ्या, पण तो चोर ओळखायला, थांबवायला नाही. घरामागचा दहा फूट ऊस काढून तिथे भाजी. हे त्याला सगळ्यात जड गेलं. कुत्रं पाळायचं तर दिवसभर साखळीला बांधून ठेवायचं नाही, लसी वेळेवर, आणि गावाला जाताना कोण घालणार खायला ते आधी ठरवायचं. आणि फोन: ११२ सगळ्यांच्या मोबाईलवर वर, गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा (एका फोनवर गावातल्या सगळ्यांना खबर जाते ती) सुरू असेल तर तिच्यात नाव, वस्तीवरच्या पाच घरांचा ग्रुप. रात्री एका घरात भोंगा वाजला की पाचही घरांचे दिवे लागले पाहिजेत, एवढंच ठरवलं.

मग परवाना कुणीच काढू नये का? तसं मी म्हणत नाही. सराफ, पेट्रोल पंपवाला, रोज रोकड घेऊन फिरणारा, कोर्टात साक्ष देऊन वैर ओढवलेला, ज्याच्यावर नाव घेऊन धमकी आहे, त्याचा धोका अंगाबरोबर चालतो. दाराची पट्टी त्याला दुकानापासून घरापर्यंत साथ देत नाही. त्यानं जरूर अर्ज करावा, महिन्यातून एकदा तरी रेंजवर जावं, घरी आलं की शस्त्र रिकामं करून कुलपात. घरात कुणी खूप पिणारं असेल, कुणी जिवावर उदार झाल्यासारखं बोलत असेल, बांधावरून भाऊबंदकी पेटलेली असेल, तर मात्र धमकी असली तरी मी नकोच म्हणेन.

भावानं अर्ज आणलाय, कोरा आहे, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. मागचं दार गेल्या गुरुवारी बसलं. कडी लावताना दोन्ही हात लागतात, अशी मामींची तक्रार आहे. सुताराला परत बोलावलंय.