नाव फिरवायचं की आरशात धरायचं?

अँबिग्राम, म्हणजे उलटं धरलं किंवा आरशात बघितलं तरी वाचता येणारं नाव, काढायला बसलं की आधी एकच गोष्ट ठरवावी लागते. कागद उलटा धरल्यावर तेच नाव निघालं पाहिजे, की आरशात? मी दोन्ही काढलेत.

उलटं धरायच्या प्रकारात मजा जास्त, हे कबूल. हातातलं कार्ड फिरवल्यावर तेच नाव आलं की बघणारा हमखास पुन्हा एकदा फिरवतो. रोमन लिपीला हे सोपं जातं. लहान लिपीतला एन उलटा केला की यू, डब्ल्यूचा एम. डिझायनर रेमंड लोवी यांचं १९६९ चं 'न्यू मॅन' कपड्यांचं बोधचिन्ह यावरच उभं आहे. आपल्या शेजारच्या कन्नडलाही फारसं जड नसावं: अक्षरं गोल आणि तलकट्टू, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची खूण, ज्याचा त्याचा सुटा.

देवनागरीत शिरोरेषा आडवी येते. शब्द फिरवला की ती खाली जाते. म्हणून वर एक, खाली एक अशा दोन रेघा ओढाव्या लागतात. घरातल्या लग्नाच्या पत्रिकेवर मी नवरा-नवरीची नावं अशीच काढली होती. आठ दिवस खपलो. आजीनं पत्रिका लांब धरून बघितली आणि विचारलं, "नावं खोडलीत की काय रे?" तिचं बरोबर होतं. दोन रेघांमध्ये अक्षरं कोंडली होती. ही खालची रेघ मी पुढेही नाना तऱ्हांनी लपवून बघितली, बारीक केली, वेलबुट्टीत मिसळली. डोळा तिथेच जातो.

आरशात रेघ वरच राहते. शिवाय पहिली वेलांटी आरशात दुसरी होते, ही तर मराठीला मिळालेली देणगीच. 'निपाणी' लिहून बघा. दोन टोकांच्या वेलांट्या आपोआप अदलाबदल होतात, 'न'ची गाठ 'ण'च्या आकड्यासमोर येते, 'प'चं पोट बरोबर मध्ये. अडतो तो फक्त काना. मी चारही दंड दुहेरी बारीक रेघांचे काढले. 'पा'चा काना आणि 'णी'ची उभी रेघ त्यातच बसली. 'न' आणि 'ण' यांना एकच वळण द्यायला मात्र चार-पाच कागद गेले.

अंगठी, लॉकेट, हातात फिरणारी वस्तू असेल तर उलटा प्रकार घ्यायला माझी ना नाही, नावात वेलांट्या-मात्रा कमी असल्या तर जमूनही जाईल. पण भिंतीवरची पाटी कोण उतरवून फिरवणार? दाराच्या काचेवर आरशाचाच बरा, असं मला वाटतं. निपाणीत आमच्या पाहुण्यांच्या दुकानाच्या काचेवर तेच नाव रंगवलंय. रस्त्यावरून येणारा 'निपाणी' वाचतो, आणि आत गल्ल्यावर बसलेले काकाही.