आधी नळ बघा, मग मशीन: मुंबईच्या घरात वॉशिंग मशीनला पाणी कुठून द्यायचं?

दुकानात टॉप-लोड की फ्रंट-लोड यावर तासभर घोळ घालणारी माणसं घरच्या नळाचा विचारच करत नाहीत. आमच्या लालबागच्या मावशीनेही केला नव्हता. चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं, सातला जातं. तिने फ्रंट-लोड आणून थेट त्याच नळाला जोडलं. पहिल्याच दिवशी कपडे खळबळायला लागले आणि पाणी गेलं. साबणाचे कपडे दाराआड, मावशी काचेतून बघत बसली.

मशीनमधला व्हॉल्व्ह विजेवर फक्त उघडतो. पाणी आत ढकलायचं काम दाबाचं. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार (बार हे दाबाचं माप) लागतो. दहा मीटर उंचीवरचं पाणी साधारण १ बार दाब देतं, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या व्हॉल्व्हपासून तीन मीटर तरी वर हवं. मशीनच्या पुस्तिकेत हा आकडा मेगापास्कलमध्ये असतो: ०.०३ म्हणजेच ०.३ बार.

आता आपलं घर या हिशोबात बसवा. सात मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर गच्चीवरची टाकी बारा-तेरा मीटर वर आहे. कुठलंही मशीन घ्या. शेवटच्या मजल्याला मात्र हवा मस्त आणि दाब बेताचा. टाकी लिफ्टच्या खोलीवर चढवलेली असेल तर निभावतं. स्लॅबवरच ठेवलेली असेल तर पाणी भरायलाच अर्धा तास, नाहीतर एररची पिपाणी.

माळ्यावरच्या टाकीचं गणित याहून वाईट. टाकी आणि व्हॉल्व्ह यांत जेमतेम दीड मीटर, म्हणजे ०.१५ बार. कमी दाबावर चालणारी काही टॉप-लोड मशीन ०.०१७ मेगापास्कलवर भरतात, पण त्यांनाही पावणेदोन मीटर लागतातच. इथे छोटा प्रेशर पंप बसवणं हा सरळ मार्ग. तो आपल्या टाकीनंतर बसवायचा. महापालिकेच्या लाइनला पंप लावून पाणी खेचणं बेकायदा आहे आणि शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवणंही. पंपाचा आवाज होतो, रात्री अकराला कपडे लावायची सवय असेल तर खालच्यांना विचारा.

थेट वेळेच्या पाण्यावर मशीन जोडणं मला पटत नाही. दाब चांगला असतो, पण घड्याळ आपल्या हातात नसतं. जून २०२४ मध्ये मुंबईत १० टक्के पाणीकपात लागली होती. अशा दिवसांत तर शेवटच्या खळबळीचा भरवसाच नाही. तरी हाच नळ असेल तर टॉप-लोड घ्या. पाणी गेलं तर झाकण उघडून पिंपातलं पाणी बादलीने ओतता येतं, पातळी भरली की मशीन पुढे चालू लागतं. फ्रंट-लोडला ही सोय नाही. ते पाणी मात्र टॉप-लोडच्या निम्म्याच्या आसपास वापरतं, म्हणून टाकीवर पंप असलेल्या घरात मी त्याच्याच बाजूने.

सेमी-ऑटोमॅटिकला दाबाशी देणंघेणं नाही, फक्त माणूस उभा राहायला हवा.

जोडणीबद्दल थोडकं: बेसिनच्या नळातून टू-वे कॉक (दोन तोंडांचा नळ) काढता येतो, पण कुणी तोंड धुवायला गेलं की मशीनचा प्रवाह अर्धा होतो. शक्य असेल तर वेगळा नळ काढा. टेफ्लॉन टेप भिंतीतल्या आट्यांना. मशीनच्या पाइपच्या नटात रबरी वॉशर असतो, तो हाताने घट्ट केला की पुरे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घेत असाल तर व्हॉल्व्हच्या तोंडची जाळी महिन्याला धुवा.

आणि मोरी! आतल्या पंपाने पाणी बाहेर फेकणाऱ्या मशीनचा निचऱ्याचा पाइप जमिनीवर सोडला, तर भरतं तेवढं पाणी आपसूक वाहून जातं. तो कमरेच्या जरा खालपर्यंत उचलून अडकवावा लागतो. आत असा पंप नसलेल्या टॉप-लोडचं नेमकं उलटं, तिथे पाइप खालीच हवा.

मावशीचं फ्रंट-लोड आता लेकीकडे, मुलुंडला चौथ्या मजल्यावर आहे. लालबागला सेमी आलं. पाणी थोडं कमी पडलं की मावशी पिंपात तांब्या बुडवते.