पुल बॉय: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात साडेसहाशे रुपयांना पुल बॉय घेतला. इंग्रजी आठाच्या आकाराचा, हलक्या पण घट्ट फोमचा ठोकळा. मांड्यांत धरला की पाय आपोआप तरंगतात आणि नुसत्या हातांनी पोहता येतं, म्हणून तो हातांच्या सरावाचा समजला जातो. मी मात्र तो ब्रेस्टस्ट्रोकच्या, म्हणजे पालथं होऊन बेडकासारखे पाय मारण्याच्या प्रकाराच्या, किकसाठी वापरला, आणि माझ्या मते त्याचं खरं काम तेच आहे.

माझं पोहणं गोव्यातल्या साखळी गावचं. लहानपणी तिथल्या वाळवंटी नदीत शिकले, मान पाण्याबाहेर आणि पाय बेडकासारखे फाकवून. नदीत ते योग्यच होतं, समोरून काय वाहत येतंय ते दिसायला हवं. पण चाळिशीनंतर पणजीत कांपालच्या तलावावर सकाळी जायला लागले तेव्हा ५० मीटरला ३८ हात लागायचे, आणि संध्याकाळी जिना उतरताना उजव्या गुडघ्याची आतली बाजू ठणकायची.

२०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा पोहण्याच्या शर्यती कांपाललाच होत्या. वर बसून ब्रेस्टस्ट्रोकवाल्या मुलींकडे बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांचे गुडघे कमरेपेक्षा फार रुंद जातच नाहीत. टाचा वर येतात, चवडे बाहेर वळतात, आणि फेक होते ती गुडघ्यांच्या बाहेरून टाचांची. माझं नेमकं उलट होतं. मी गुडघे फाकवून मांड्या पोटाखाली ओढायचे. त्या मांड्या पाण्याला आडव्या येतात, म्हणजे दर किकआधी आपणच ब्रेक लावतो. स्पर्धांतल्या पोहण्याच्या चारही प्रकारांत ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ आहे त्यामागेही हेच कारण मोठं आहे: हात आणि पाय दोन्ही पाण्यातूनच पुढे आणावे लागतात.

पुल बॉय मांड्यांत असला की गुडघे फाकवता येत नाहीत. फाकले की तो निसटतो आणि मागे तरंगत राहतो. आमचे सर काठावरून कितीदा सांगायचे, "ताई, गुडघे उघडताहेत." डोकं पाण्यात असताना ते कानावर कसं पडणार? हा ठोकळा त्याच क्षणी सांगतो.

तरी पहिले दोन आठवडे गुडघा आणखी दुखला. मी मोठ्या मापाचा घेतला होता, आणि निसटू नये म्हणून गुडघ्यांच्या जरा वर आवळून धरत होते. गुडघे असे जखडून टाचा बाहेर फेकल्या की सगळा पीळ गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधावर येतो. फार रुंद किक जितकी वाईट, तितकीच फार अरुंदही. फिजिओथेरपिस्टनं १५ दिवस किक पूर्ण बंद करायला लावली. मग लहान माप घेतलं, ते अगदी जांघेपाशी ठेवलं, आणि आवळणं सोडून दिलं. तिथे ठेवलं की गुडघे कमरेहून थोडे रुंद उघडतात, आणि तेवढेच हवेत. घेणाऱ्यांना एकच सांगेन: माप लहान घ्या, वर धरा, निसटला तर निसटू द्या.

सराव असा करते. आधी २०० मीटर सावकाश. मग ठोकळा मांड्यांत धरून, पाठीवर झोपून, हात कडेला ठेवून, ४ वेळा ५० मीटर किक. गुडघे पाण्याबाहेर डोकावले तर मांड्या वर येताहेत असं समजायचं. या एका व्यायामानं माझी किक जेवढी बदलली तेवढी दुसऱ्या कशानंही नाही. पुढे पालथं होऊन, हात समोर ताणून, तेवढंच अंतर. आणि लगेच ठोकळा काठावर ठेवून ४ वेळा ५० मीटर पूर्ण स्ट्रोक, मनात "ओढ, श्वास, किक, सरक" म्हणत. हा शेवटचा भाग गाळला तर बाकीचं फुकट जातं, कारण पायांना ती सवय ठोकळ्याविना आठवावी लागते. "सरक" म्हणताना शरीर सरळ रेषेत, चेहरा खाली. घाई इथेच होते.

तलावावरची मुलं ब्रिटिश जलतरणपटू ॲडम पीटीचे व्हिडिओ पाहून हात भराभर मारतात. २०१९ मध्ये ग्वांगजूला १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ५६.८८ सेकंदांत पोहणाऱ्याची ती लय आहे, त्यामागे तशी किक आहे. आपली किक बसेपर्यंत सरकणंच लांबवावं.

हातांच्या सरावाला मात्र मी याला कमी गुण देईन. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कंबर लाटेसारखी वरखाली व्हावी लागते, हा ती एका जागी धरून ठेवतो. शिवाय मान जास्त उचलली की कंबर बुडते, तो दोष तरंगत्या पायांमुळे झाकला जातो. हात खांद्यांच्या मागे जाताहेत का एवढं पाहायला दोन फेऱ्या पुरतात. एकूण सरावात तो सतत मांड्यांत नसावा.

टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. क्लोरीननं रंग थोडा उडालाय, कडा नखानं दबल्यात, पण पाणी शोषलेलं नाही. सुरुवातीला मांडीच्या आत घासतो, तिथे पेट्रोलियम जेली लावते. एक गोष्ट कळकळीनं सांगते: हे जीव वाचवणारं साधन नाही. मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर एका बापानं लहान मुलाच्या हाती असा ठोकळा देऊन त्याला पाण्यात सोडलेलं पाहिलं आणि धावत जाऊन थांबवलं. हातातून सुटायला एक लाट पुरते.

आता ५० मीटरला २८ हात लागतात, वेळ १ मिनिट २४ सेकंदांवरून १ मिनिट १२ वर आली आहे, आणि मार्चपासून जिना उतरताना गुडघा दुखलेला नाही. गेल्या शनिवारी ठोकळ्याविना १० वेळा ५० मीटर पोहले. आठव्यापर्यंत किक ठीक होती, शेवटच्या दोनांत दमल्यावर गुडघे पुन्हा उघडले, सरांनी काठावरून हात करून दाखवलं. म्हणून या आठवड्यात पाठीवरची किक परत ४ वरून ६ केली आहे.