सुरमईसाठी तंगूस की ब्रेड, आणि टोकाला तार किती?

पाच किलोंच्या सुरमईला ३० पौंडांची, म्हणजे साडेतेरा किलो ताण सोसणारी लाईन पुरून उरते. तरीही गरीला लागून सुटलेली सुरमई बहुतेक वेळा लाईन कापून गेलेली असते. गोव्यात इसवण म्हणतात तो हाच मासा. त्याचे दात चपटे, तिकोनी आणि पात्यासारखे धारदार. म्हणून निवड करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: रीलवर काय भरायचे (तंगूस, म्हणजे एकसंध नायलॉनची लाईन, की ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली लाईन), आणि गरीजवळच्या शेवटच्या वीतभरात काय लावायचे. पैसे आणि चर्चा पहिल्यावर खर्च होतात, मासा सुटतो तो दुसऱ्यामुळे.

रीलवर काय?

३० पौंडी तंगूस साधारण ०.५५ मिमी जाड असतो. त्याच ताकदीची ब्रेड, म्हणजे पीई २ (पीई हा ब्रेडच्या जाडीचा क्रमांक), पाव मिमीच्याही आत. ५००० आकाराच्या स्पिनिंग रीलवर पीई २ तीनशे मीटरच्या आसपास बसते, ३० पौंडी तंगूस शंभर मीटरही मावत नाही. मोठी सुरमई पहिल्याच धावेत शंभर मीटर लाईन काढू शकते, तेव्हा हा फरक कागदावरचा नाही. दक्षिण गोव्यातल्या काब द राम किंवा बेतूलच्या खडकांवरून ३० ते ४० ग्रॅमचा मेटल जिग (धातूचे नकली आमिष) लांब फेकायचा असेल तर ब्रेडच घ्यावी. बारीक लाईन वाऱ्यातही दूर जाते.

पण ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही, आणि सुरमईच्या तोंडाची कातडी पातळ. ड्रॅग (किती ताणाला लाईन सुटू द्यायची ते ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट ठेवला तर गरी फाडून बाहेर येते. पीई २ असेल तर ड्रॅग अडीच ते तीन किलोंवर ठेवावा, आणि तो अंदाजाने नव्हे, हुकाचा वजनकाटा लाईनला अडकवून मोजावा. दुसरा दोष खडकाचा. कालवे चिकटलेल्या कडेला ब्रेड नुसती टेकली तरी तुटते. त्यामुळे किनाऱ्यावरून गरवताना ब्रेडपुढे ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या लाईनचा) दीड-दोन मीटर लीडर, म्हणजे टोकाला जोडलेला जाड तुकडा, हवाच. स्पूलवर (रीलच्या चाकावर) ब्रेड भरण्याआधी दहा मीटर तंगूस गुंडाळावा, नाहीतर मासा ओढू लागला की सगळी ब्रेड स्पूलवर गरगर फिरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखे वाटते.

तंगुसाची बाजू होडीवर वरचढ ठरते. ग्रँड आयलंडच्या आसपास पाच-सहा नॉट्सनी ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढताना, मासा धडक देतो तो झटका तंगूस स्वतः ताणून पचवतो. मोठ्या ओव्हरहेड रीलवर जागेचा प्रश्न नसतो, किंमत कमी, आणि गुंता झाला तर सोडवता येतो. ब्रेड आधीच भरलेली असेल तर पुढे ४० पौंडी तंगूस दहा-पंधरा मीटर जोडावा, काम जवळपास तेच होते. मात्र तंगूस ऊन आणि मीठ खाऊन ठिसूळ होतो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत होडी वर ओढलेली असताना रीलवर पडून राहिलेला तंगूस ऑगस्टमध्ये बदलूनच टाकावा.

टोकाला काय?

इथे तीन पर्याय आहेत, आणि तिन्ही सारखे चांगले नाहीत.

जाड फ्लुरोकार्बन, ६० ते ८० पौंडी, स्वच्छ पाण्यात जास्त चावे मिळवून देतो. लांब ल्युअर (माशासारखे नकली आमिष) असेल आणि मासा शेपटीकडच्या गरीला लागला तर तो टिकतोही. पण ल्युअर पूर्ण तोंडात गेला की भरवसा संपला. हा पर्याय नदीच्या मुखाशी खरा उपयोगी, जिथे त्याच ल्युअरला चणाक (जिताडा) लागण्याची शक्यता सुरमईपेक्षा जास्त असते. चणाकाचे दात कापत नाहीत. धार असते ती कल्ल्याच्या झाकणाला, आणि तिला जाड फ्लुरोकार्बन पुरतो.

नायलॉनचा थर दिलेली बहुपदरी तार लवचीक असते, तारली किंवा बांगड्याचे आमिष तिच्यावर नैसर्गिक हलते. पण दोन माशांतच थर सोलून निघतो आणि तार डुकराच्या शेपटीसारखी वळते. स्लीव्ह (तार जोडायची धातूची नळी) फार दाबली तर आतले पदर तुटतात, कमी दाबली तर तार निसटते. आमिषासाठी घ्यावी, ३० ते ४० सेंमी, आणि आमिषाच्या शेपटीजवळ दुसरी गरी लावावी, कारण सुरमई आधी मागचा भाग छाटते.

एकपदरी स्टीलची तार, ०.३५ ते ०.४ मिमी, साधारण ४० ते ६० पौंडी, हीच आमची पहिली पसंती. ती बारीक, स्वस्त आणि दातांना दाद न देणारी. जिग आणि ल्युअरला १५ ते २० सेंमी पुरते, ट्रोलिंगला ४०. पावसानंतर नद्यांचे गढूळ पाणी किनाऱ्याशी असते तोवर ती माशाला खटकत नाही. पुढे पाणी निवळले की लांबी कमी करावी, जाडीही कमी करावी, पण तार काढू नये. एकदा मुडपलेली तार लगेच फेकावी. सरळ करून वापरली तर पुढच्या झटक्याला ती तिथेच तुटते.

तार आणि लीडर जोडायला काळा, लहान स्विवेल (फिरती कडी) घ्या. चकाकणारा पितळी स्विवेल पाण्यात छोट्या माशासारखा लुकलुकतो, दुसरी सुरमई त्यावरच तोंड मारते आणि तारेच्या वरची लाईन कापते.

गाठींबद्दल थोडक्यात: किनाऱ्यावर निवांत वेळ असेल तर ब्रेड आणि लीडरसाठी एफजी गाठ, अठरा-वीस वेढे, ओली करून पूर्ण आवळलेली. हलत्या होडीवर डबल युनी. ती थोडी जाड होते, पण घाईतही नीट बसते.

तारेचा फास मात्र लक्ष देऊन करावा. दोन्ही टोके एकमेकांभोवती सारखी पिळत चार-पाच वेढे द्यायचे. एकच टोक दुसऱ्याभोवती गुंडाळले गेले तर फास सरकतो. मग सुट्या टोकाचे काटकोनात, एकमेकांना खेटून पाच वेढे. उरलेले टोक पक्कडीने कापू नये, मागे राहिलेल्या काट्याने बोट फाटते. टोकाला हँडलसारखी घडी घालून पुढे-मागे फिरवावे, ते वेढ्याला लागूनच स्वच्छ तुटते. प्रत्येक माशानंतर तारेच्या वरचा हातभर लीडर नखाखालून ओढून पाहावा, आणि नख कुठे अडखळले तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारावी.