राजारामपुरीतला बारा आठवड्यांचा स्ट्रेंथ प्लॅन: हलका आठवडा चोख, पण काही दुरुस्त्या हव्यात

तीन आठवडे चढतं वजन, चौथा हलका, अशा तीन फेऱ्या. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या छोट्या जिमचा प्लॅन घ्यावा तो या चौथ्या आठवड्यासाठी. बऱ्याच ठिकाणी डिलोड, म्हणजे हा हलका आठवडा, सुट्टीच असं समजतात. इथे जिमला यायचंच, फक्त काम निम्म्याहून कमी.

रॅकवरचा तक्ता बघा. तिसऱ्या आठवड्यात स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक) १०० किलोने ५ सेट, प्रत्येकी ५ रेप्स, म्हणजे एका दमात पाच वेळा. चौथ्यात ९० किलोने ३ सेट, ४ रेप्स. एकूण उचल (वजन गुणिले सेट गुणिले रेप्स) २५०० किलोवरून १०८० वर येते. वजन थोडंच उतरवून सेट कापलेत, हे अगदी बरोबर. थकवा मुख्यतः एकूण कामाने साचतो, आणि बार जड राहिला की हालचालीची सवय सुटत नाही. आठवडाभर पूर्ण बंद ठेवलं तरी ताकद जात नाही, पण परतल्यावर पहिल्या स्क्वॉटलाच मांड्या भरून येतात.

शोल्डर प्रेसला, म्हणजे बार खांद्यावरून डोक्यावर नेताना, मात्र गडबड होते. ३५ चे १० टक्के उतरवले की ३१.५. इथे सव्वा किलोच्या प्लेट नाहीत, त्यामुळे २० किलोच्या बारसकट एक तर ३० लागतात, नाहीतर ३५. पोरं ३५ च ठेवतात. ३० घ्यावेत; स्नायूंपेक्षा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) सावकाश सावरतात.

मोठी उणीव वेगळीच. बाहेर काय चालू आहे, हे ट्रेनर विचारत नाहीत. सकाळी तालमीत जोर-बैठका आणि संध्याकाळी बार, अशी पोरं कोल्हापुरात कमी नाहीत. पाचशे बैठका तशाच ठेवून स्क्वॉट हलका केला, तर पायांना विश्रांती कुठली? वस्तादांना सांगून बैठकाही निम्म्या कराव्यात. रंकाळ्यावर चालायला हरकत नाही, पळापळ नको.

‘काम कमी, तर खाणं कमी’ हा सल्लाही पटत नाही. किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं याही आठवड्यात हवीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. पांढरा रस्सा कितीही वाट्या प्या, त्याने ते भरत नाही; मटणाच्या फोडी मोजा.

अगदी नवख्यांना दर चौथ्या आठवड्याला थांबायची गरज नसते, त्यांची वजनंच हलकी असतात. तेच वजन सलग दोन वेळा जड जाऊ लागलं, झोप मोडू लागली, की हलका आठवडा घ्यावा.

पाचवा आठवडा ९५ किलोच्या ४ सेटने सुरू होतो, थेट १०५ ने नाही. अंग मोकळं वाटतंय म्हणून सोमवारीच मॅक्स (एकदाच उचलता येईल ते सर्वात जास्त वजन) काढायला निघालेल्याला ट्रेनर बारजवळ अडवतात. फी वसूल होते ती इथे.