फ्री डिश: एका पावसाळ्यापासून पुढच्या एप्रिलपर्यंत

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. तुमच्या घरी टीव्ही म्हणजे संध्याकाळच्या बातम्या, एखादा जुना सिनेमा आणि भारताची मॅच एवढंच असेल, तर डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा, बिनधास्त घ्या. रात्री आठ ते दहा ठरलेल्या मराठी मालिका लागत असतील तर घेऊ नका, घरात भांडणं होतील.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. टीव्ही मुख्यतः सासूबाईंचा. गेल्या मे महिन्यात पाऊस सुरू व्हायच्या आत छत्री, म्हणजे डिश अँटेना, बसवून घेतली. बॉक्स, छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा), वायर आणि बसवणावळ धरून दोन हजारांच्या आत काम झालं. त्यानंतर आजतागायत एक रुपया दिलेला नाही, कारण द्यायची सोयच नाही. रिचार्ज नाही, पॅक नाही, "मॅडम, तुमचा प्लॅन संपतोय" असे फोन नाहीत. केबल किंवा खासगी डीटीएचला वाहिन्यांचे पैसे वेगळे आणि नुसत्या जोडणीचे वेगळे. हे जोडणी शुल्क कितीतरी वर्षं जास्तीत जास्त १३० रुपये होतं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे काहीही न बघता दीडशे रुपये गेले. फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली तेव्हापासून फुकट आहे आणि अजूनही फुकटच आहे.

बॉक्स घेताना एकच गोष्ट ठामपणे विचारा: एमपेग-४ (चित्र पाठवायची नवी पद्धत) चालणारा आहे ना? तपकीर गल्लीत एका दुकानदाराने "ताई, यात सगळं दिसतं" म्हणत जुना एमपेग-२ काढून दिला होता. त्याच्यावर एमपेग-४ पद्धतीने येणाऱ्या वाहिन्या दिसत नाहीत. परत केला आणि शेजारच्या दुकानातून नीट बघून घेतला.

आता छत्रीचं. हा भाग लांबतोय, पण लोकांचे सगळ्यात जास्त प्रश्न याचेच असतात. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे आणि तो ९३.५ अंश पूर्वेला. पुण्यातून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर. आमच्या गच्चीवरून म्हणाल तर तळजाईच्या टेकडीच्या किंचित उजवीकडे. म्हणून तुमची गॅलरी पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर तिथे छत्री लावून काही उपयोग नाही, गच्चीच लागेल. म्हणजे सोसायटीची परवानगी आली. आमच्या सेक्रेटरीकाकांनी आधी "गच्चीवर छत्र्यांचं जंगल नको" म्हणून बैठक होईपर्यंत थांबवलं, मग पाण्याच्या टाकीच्या कठड्याला लावा म्हणाले. त्यात दोन आठवडे गेले. आणखी एक: छत्री ऑफसेट असते, म्हणजे तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून ती समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत डोकावतेय असं वाटतं. प्रत्यक्षात ती बरीच वर बघत असते. त्यामुळे समोर बिल्डिंग आहे म्हणून घाबरू नका. नारळाचं झाड मात्र आड येत असेल तर नक्की घाबरा.

आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर स्वच्छ दिसतो. पाहुण्यांपैकी एक आजोबा हमखास सांगायचे, छत्री तिकडे फिरवा, चित्र चांगलं येईल. त्यांचंही चुकत नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पाठोपाठ पुण्याला जे दिसू लागलं ते सिंहगडावरूनच. तेव्हा घरोघरी अँटेना त्याच दिशेला असायच्या. आता जुनी जमिनीवरची प्रक्षेपणं देशभर जवळजवळ सगळी बंद झालीत, आणि छत्री सिंहगड सोडून आग्नेयेला वळवावी लागते.

पावसाळ्यात काय होतं? रिमझिम पावसाला काही होत नाही. जुलैत धो धो आला की चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर 'नो सिग्नल'. डीटीएच ज्या केयू बँडवर चालतं त्याच्या लहरी जोराच्या पावसात शोषल्या जातात, सगळ्याच डीटीएचला हे होतं. सर ओसरली की आपोआप येतं. न आलं तर आधी एलएनबीचा कनेक्टर बघा. आमच्या बसवणाऱ्याने तिथे नुसती टेप गुंडाळली होती. ऑगस्टपर्यंत आतली तार हिरवी पडली, मग नवा कनेक्टर लावून वर एम-सील थापलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी एक गंमत होते. काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास, ऊन चटचटत असताना, दहा-एक मिनिटं सिग्नल जातो, कारण त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. शेजाऱ्यांनी तेवढ्यावर मेकॅनिकला बोलावलं होतं.

बघायला काय आहे, तर दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री आहे. त्यावरच्या बातम्यांत कोणी ओरडत नाही, एकाच वेळी सहा चेहरे चौकटीत भांडत नाहीत, आणि गडचिरोलीची बातमी गडचिरोलीत काहीतरी घडलं म्हणूनच लागते. सासूबाईंचं मत: "ही बाई सगळं वाक्य पूर्ण करते." मला निवेदन कधीकधी फार संथ वाटतं आणि सत्कार-उद्घाटनं जरा जास्त वाटतात, पण मी त्या वेळी भाजी चिरत असते, माझं मत धरू नका. शाळेच्या इयत्तावार शैक्षणिक वाहिन्याही आहेत, आमच्या मुलाने त्या एकदाही लावलेल्या नाहीत.

मुलासाठी खरी कमाई डीडी स्पोर्ट्सची. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कदारांनी प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे चित्र प्रसार भारतीने स्वतःच्याच जमिनीवरच्या आणि डीटीएच जाळ्यावर दाखवावं. म्हणून खासगी डीटीएचवर डीडी स्पोर्ट्स लावला तरी मॅच दिसत नाही आणि आमच्याकडे दिसते. आयपीएल त्या यादीत नाही, त्याचं रडगाणं दरवर्षी ऐकावं लागतं.

फ्री डिशचं खरं दुखणं एप्रिलमध्ये कळतं. खासगी वाहिन्यांना इथे एप्रिलपासूनची वर्षभराची जागा लिलावातून मिळते, आणि वाहिनीचा प्रकार आणि भाषेप्रमाणे बोलीची सुरुवातच वेगळी. हिंदी मनोरंजनाचा भाव सगळ्यात वर. एखाद्या कंपनीला परवडेनासं झालं की वाहिनी निघून जाते. स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल या चौघी २०१९ मध्ये गेल्या, परत आल्या आणि १ एप्रिल २०२२ ला पुन्हा गेल्या. आमच्याकडेही या एप्रिलमध्ये सासूबाईंची दुपारच्या सिनेमांची वाहिनी एके सकाळी नाहीशी झाली. नंबरही पुढेमागे झाले. "अगं, माझी चौसष्ट नंबरची कुठे गेली?" मी पुन्हा स्कॅन केलं, दुसऱ्या दोन सापडल्या, ती नाहीच. तक्रार करायला जागा नाही, कारण पैसे भरलेलेच नाहीत. मराठीच्या वाट्याला या लिलावातून फार थोडं येतं, आणि सरकारी पैशाने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत प्रादेशिक भाषांना काही जागा राखून ठेवाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

रेडिओबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून सांगते. याच बॉक्सवर आकाशवाणीच्या वाहिन्याही येतात. टीव्हीवर विविध भारती लावून घर आवरता येतं, आणि आवाजात खरखर अजिबात नाही. पुणे केंद्रासाठी मी फोनवर 'न्यूज ऑन एअर' वापरते. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ पासूनचं आहे, पण मध्यम लहरी ७९२ किलोहर्ट्झवर ते ऐकायचं तर आमच्या बिल्डिंगमधल्या एलईडी दिव्यांचा गुणगुणाटच जास्त येतो. रेडिओ लावल्यावर स्क्रीन निळी पडते, काही बॉक्सवर ती बंद करायची सोय असते, आमच्यावर नाही. घेताना तेही विचारून घ्या.